हुक सापडू नये म्हणून

कवळीकाकांनी आपल्या इलेक्ट्रिक गाडीला मागे हुक बसवून घेण्यासाठी आकाशपाताळ एक केलं, असं त्यांच्या इमारतीत सगळे म्हणत. दोन सायकली गाडीमागे न्यायच्या तर सायकलींचं स्टँड लागतं, स्टँड अडकवायला हुक लागतो, आणि त्यांच्या गाडीला नेमका तोच मिळत नव्हता. दीड महिना झाला, काका रोज संध्याकाळी हुकाच्या मागे. बायकोच्या हौसेपायी माणूस एवढा झिजतो हे पाहून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला दोनदा टोमणेही मारून घेतले. आता खरं काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं. काका हुक शोधत होते ते तो सापडू नये म्हणून. तो सापडला असता तर त्यांना सायकल चालवावी लागली असती, आणि कवळीकाकांना सायकल येत नव्हती.

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला सायकल येत नाही यात लाजण्यासारखं काही नाही. पुष्कळांना पोहता येत नाही, कित्येकांना शिट्टी वाजवता येत नाही, त्यांचं काही अडलेलं दिसत नाही. पण काकांनी लग्नाच्या आधी बायकोला सांगून ठेवलं होतं की आपण सायकलच्या शर्यतीत दुसरे आलो होतो.

त्याचं असं झालं. काका तेव्हा दातांच्या लॅबमध्ये नुकतेच कामाला लागले होते. एक दिवस फरशीवर सांडलेल्या ओल्या प्लास्टरवरून पाय सटकला आणि गुडघा फुटला. लंगडत लंगडत कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मलम आणायला गेले, तर काउंटरमागे एक नवीन मुलगी. "काय झालं हो?" तिने विचारलं. आता, प्लास्टरवरून घसरलो, हे काय अशा मुलीला सांगायचं असतं? "सायकलच्या शर्यतीत पडलो," काका म्हणाले. "अगंबाई! मग?" "मग काय, उठलो आणि पूर्ण केली. दुसरा आलो." मुलीने डोळे एवढे मोठे केले की काका पुढच्या पंधरवड्यात आणखी तीन वेळा मलम घेऊन गेले, आणि वर्षभरात दोघांचं लग्न झालं. लग्नानंतर विषय निघायचा तो निघालाच. तेव्हा काकांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की त्या गुडघ्यामुळे सायकल कायमची सोडावी लागली. बिचारीने पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही.

एरवी माणूस सरळ. शहरातली साठीपुढची निम्मी माणसं काकांनी बनवलेल्या दातांनी जेवतात आणि टोचतंय म्हणून एकही परत येत नाही. दातांचे डॉक्टर हिरड्यांचं माप घ्यायचं कामसुद्धा त्यांच्याच हातात देतात. म्हणून तर खरं नाव मागे पडून ते सगळ्यांचे कवळीकाका झाले. आयुष्यात खोटे दात हजारोंनी बनवले, पण खोटं बोलले ते एकदाच, आणि ते अठ्ठावीस वर्षं खपून गेलं.

मग एक दिवस हाडांचे डॉक्टर काकूंच्या दुकानात काहीतरी घ्यायला आले. काकू अजूनही त्याच काउंटरमागे असतात. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं दुखणं जुनं आहे हो, त्याला काय करावं, असं काकूंनी सहज विचारलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला सायकलसारखा दुसरा व्यायाम नाही. संध्याकाळी काका घरी आले तर पॅसेजमध्ये दोन कोऱ्या सायकली उभ्या.

"अहो, डॉक्टर स्वतः म्हणाले!" काकूंचे डोळे भरून आले होते. "तुमची सुटलेली सायकल परत सुरू करायची. मीपण येणार तुमच्याबरोबर."

काकांना आपली थाप आठवली. पण भरल्या डोळ्यांच्या बायकोला नाही कसं म्हणायचं? "छान केलंस," ते म्हणाले. काकूंनी लगेच आपली सायकल खाली नेली आणि पार्किंगमध्ये चार फेऱ्या मारल्या, त्यातली शेवटची एका हाताने. दुसरा हात त्या वर खिडकीत उभ्या असलेल्या काकांना हलवून दाखवत होत्या. ते बघून काकांना घाम फुटला.

पण घाम फुटलेला माणूस डोकंही भराभर चालवतो. काका म्हणाले, इथे नको. इमारतीच्या दारातच उतार, खाली ट्रकांचा रस्ता, तुला मी तिथे नेणार नाही. शहराबाहेर बावीस किलोमीटरवर कालव्याच्या काठाने सपाट वाट आहे, जायचं तर तिथेच. आता सायकली तिथवर न्यायच्या कशा? गाडीत मावत नाहीत, टपावर काच. "मागे हुक बसला की पहिल्याच रविवारी निघू," काकांनी सांगितलं, "हा माझा शब्द." असा शब्द द्यायला त्यांना काही वाटलं नाही, कारण इलेक्ट्रिक गाडीला हुक नसतो असं त्यांनी एका खालच्या कवळीच्या गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं.

शोधाला सुरुवात तर झोकात झाली. शोरूममधल्या टायवाल्याने संगणकात बघून सांगितलं, "सॉरी सर, या मॉडेलला टोइंगची परवानगी नाही." "नक्की?" काकांनी विचारलं. "नक्की, सर." "बघा हं, परत एकदा बघा." त्याने परत बघितलं, परत नाही म्हणाला, तसे काकांनी त्याचे मनापासून आभार मानले. नकार ऐकून एवढं खूश झालेलं गिऱ्हाईक त्या टायवाल्याने नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं असेल. गाड्यांचं सामान विकणारा दुकानदार तर अंगावरच आला. "इलेक्ट्रिकला हुक? काका, खाली सगळी बॅटरी आहे. मी भोक पाडायला घेतलं तर तुम्हीपण जाल आणि मीपण." काकांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. एका मोठ्या वितरकाने फोनवर चाळीस मिनिटं पिपाणी ऐकवली आणि शेवटी, आम्ही ठेवत नाही, एवढंच सांगून ठेवून दिला. त्या दिवशी काका गाणं गुणगुणत घरी निघाले, आणि जिना चढता चढता त्यांनी आठवणीने चेहरा पाडला.

दार उघडून काकू म्हणायच्या, "नाही मिळाला? असू द्या हो. मिळेल." आणि दमून आलेल्या नवऱ्यापुढे चहा ठेवायच्या. तो चहा पिताना मात्र काका त्यांच्याकडे बघायचं टाळत.

काकू काही नुसत्या चहा करणाऱ्या नव्हत्या. औषधाच्या खोक्यात तो घड्या घातलेला कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, जो आपण सगळे फेकून देतो, तो काकू जवळजवळ तीस वर्षं वाचत आल्या आहेत. त्यांनी गाडीचं पुस्तक काढलं आणि आठ दिवस रोज जेवणानंतर वाचलं. नवव्या दिवशी त्यांनी काकांना पान दोनशे चौदा दाखवलं.

"हे बघा. बंदी आहे ती ओढायला. ट्रेलर जोडून ओढायचा नाही. पण हुकावर सायकलींचं स्टँड लावायला बंदी नाही. वरून पंचाहत्तर किलो वजन चालतं. आपल्या दोन सायकली बत्तीस किलो, स्टँड अठरा, पन्नास झाले. तुमचा तो टायवाला अर्धंच वाचून बोलतो."

"पण मिळतोय कुठे?" काका म्हणाले. "वस्तूच बाजारात नाही म्हटल्यावर..."

"मग आपली ग्रिलवाली आहे ना!"

ग्रिलवाली म्हणजे औषधांच्या दुकानामागे वर्कशॉप असलेली बाई. फाटकं, ग्रिल, हातगाड्या, लोखंडाचं म्हणून जे असेल ते करायची, आणि तिच्या वडिलांच्या दोन्ही कवळ्या काकांच्या हातच्या होत्या. ती नाही म्हणणार नाही हे काकांना पक्कं ठाऊक होतं. मग एकदम सुचलं.

"तिला माप लागेल," ते म्हणाले. "गाडीच्या पोटाखाली काय आहे, भोकं आहेत की नाहीत, मोजपट्टीने नाही कळायचं. मी घेतो माप. हिरड्यांचं घेतो तसं, मसाल्याने. दाबून धरला की हुबेहूब ठसा उमटतो."

काकूंना नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला! काकांचा बेत मात्र असा की माप वाकडं घ्यायचं. मसाला गाडीला लावला की सुकायच्या आत हात जरासा हलवायचा, बस. वाकड्या मापावर ग्रिलवाली जे बनवेल ते बसणार नाही. मग दुसरं माप, मग तिसरं. असं करत वर्ष निघेल, आणि वर्षभरात सायकलींच्या चाकातली हवा जाते, माणसाची हौसही जाते.

शनिवारी सकाळी काका पार्किंगमध्ये चटई टाकून गाडीखाली शिरले. मागच्या बंपरखालचं प्लास्टिकचं झाकण सहा स्क्रू काढून उतरवलं. रबरी वाडग्यात मसाला कालवला, घरातल्या लांब ट्रेमध्ये भरला आणि दोन्ही हातांनी वर दाबून धरला. आता दीड मिनिटाने हात हलवायचा. दीड मिनिट झालं. हात हलेना. काकांनी मनातून जोर लावला, तरी हलेना. जवळजवळ तीस वर्षं माप घेताना जे हात दगडासारखे स्थिर ठेवायची सवय लावली, ते आता मालकाचंही ऐकेनात. वरून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई वाकून म्हणाल्या, "काका, काय चाललंय?" "बोलू नका, सेट होतंय," काका खेकसले, आणि सवयीने गाडीला म्हणाले, "नाकाने श्वास घ्या."

पाच मिनिटं पुरती झाल्यावर त्यांनी ट्रे एका झटक्यात खाली ओढला आणि उजेडात धरला. माप असं आलं होतं की बघत राहावं. तेव्हाही ते कचऱ्यात टाकता आलं असतं, पण असं माप टाकून देणं काकांना जमलं नाही. त्यांनी ते लॅबमध्ये नेलं, पिवळ्या कडक प्लास्टरमध्ये त्याचा साचा ओतला, एकेक बुडबुडा काढला, आणि दुसऱ्या दिवशी, कुणीही सांगितलं नसताना, कडा घासून गुळगुळीत केल्या.

ग्रिलवालीने साचा हातात घेतला, खिडकीशी नेला, फिरवून फिरवून पाहिला. "काका!" ती म्हणाली. "हे काय करून आणलंत!"

"चुकलंय का?" काकांच्या आवाजात आशा होती.

"चुकलंय? असं माप मला आजवर कुणी दिलं नाही. ही चार भोकं दिसतायत का? गाडीला खाली आहेत ती. कंपनीनेच दिलीत, हुकासाठी. आतले आटेसुद्धा उमटलेत हो, बोल्ट कितीचा ते मोजता येतंय! आता मला काही बनवायला नको. हुकाचा तयार बार मिळतो या मापाचा, मोठ्या गाडीचा, पासिंगवाला. तुम्ही नाव सांगून शोधत होतात म्हणून सापडेना. मी साचा घेऊन जाते आणि लावूनच बघते."

ती खरंच प्लास्टरचा साचा पिशवीत घालून गोदामागून गोदाम फिरली. गुरुवारी तिसऱ्या गोदामात बारची चारही भोकं साच्यातल्या चार भोकांवर बरोबर बसली. शुक्रवारी दुपारी बार गाडीखाली चढला, बोल्ट आवळले, हुकाचा गोळा बाहेर चमकायला लागला.

"वॉरंटीचं काय?" काकांनी विचारलं.

"पान दोनशे सोळा," काकू म्हणाल्या. "भोक पाडलं नाही तर काही होत नाही."

"आणि मागचे दिवे? सायकलींनी झाकले जातील ते."

"स्टँडला वेगळे येतात, काका," ग्रिलवाली म्हणाली. "वायरपण जोडली. तुम्ही म्हणजे ना, किती काळजी करता काकूंची."

काकांनी हुक हलवून बघितला, तो हलला नाही.

शनिवारी काकू दुकानात गेल्यावर त्यांनी पॅसेजमध्ये सायकलवर बसून पाहिलं. भिंतीला धरून तीन फूट गेले आणि चपलांच्या कपाटावर कोसळले. त्या कपाटाचं दार आजही नीट लागत नाही. मग त्यांनी आरशासमोर उभं राहून खरं सांगायची तालीम केली. सुरुवात दर वेळी चांगली होत होती, 'शर्यत' या शब्दापाशी घोडं अडत होतं.

रविवारी सकाळी कालव्याच्या काठी गाडी उभी राहिली. ग्रिलवालीने शिकवलं होतं तशा दोन मिनिटांत सायकली खाली आल्या. वाट सपाट, सरळ, पाण्याच्या कडेकडेने जाणारी, आणि सकाळ अशी की कुठलंही कारण सांगता येऊ नये. काकूंनी हेल्मेट चढवलं. "चला, तुम्ही पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "मी आपली मागून येते."

काकांनी हँडल धरलं, अनोळखी कुत्र्याचा पट्टा धरावा तसं. "अगं," ते म्हणाले, "मला सायकल येत नाही."

"सवय गेली म्हणा. सायकल कुणी विसरत नाही."

"विसरलो नाही. कधी आलीच नव्हती."

काकू हसायला लागल्या, आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "आणि शर्यत?"

"नव्हती."

"मग दुसरे आलात ते?"

"शर्यतच नव्हती गं. लॅबमध्ये ओल्या प्लास्टरवरून घसरलो होतो. तू विचारलंस आणि तोंडातून निघून गेलं."

"आणि हा दीड महिना हुक शोधत फिरत होतात, तो?"

"सापडू नये म्हणून."

"मग सापडला कसा?"

"माप चांगलं आलं," काका पडेल आवाजात म्हणाले.

काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते तिथेच विझलं. त्यांनी सायकल गाडीला टेकवली आणि पाण्याकडे तोंड केलं. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

"मी कॉलेजला रोज आठ किलोमीटर जाऊन येऊन सायकल मारायचे," त्या म्हणाल्या. "दुकानातही सायकलवरूनच यायचे. तुम्ही मलम न्यायला यायचात तेव्हा बाहेर एक लाल सायकल उभी असायची ना, ती माझी. तुमच्यासमोर कधी चढले नाही. शर्यतीत दुसऱ्या आलेल्या माणसासमोर चढायची लाज वाटायची मला."

"मला माहीत नव्हतं," काका म्हणाले.

"कसं माहीत असणार? लग्नानंतर तुम्ही खिडकीबाहेर बघत सांगितलंत, कायमची सोडावी लागली म्हणून. त्याच आठवड्यात मी माझी सायकल भाचीला देऊन टाकली. म्हटलं, या माणसाचं एवढं गेलंय, आणि मी काय रोज त्याच्यासमोरून घंटी वाजवत जाऊ?"

काकांना वाटलं होतं, थाप आपली, भीती आपली, आणि फार तर लाजही आपलीच. त्या थापेची किंमत अठ्ठावीस वर्षं दुसरंच कुणीतरी मोजत होतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना तिथे वाटेवर उभ्या उभ्या रडू आलं. "चुकलो गं," ते म्हणाले. काकू सायकलवर बसल्या आणि निघून गेल्या.

काका वळणापर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले, मग नुसत्या वळणाकडे. एक तास गेला. ती परत येणार नाही, असं त्यांना एकदा वाटून गेलं, आणि आली नाही तर तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही, असंही वाटलं. गाडीत बसायचं त्यांना सुचलं नाही. दोन तास होत आले तेव्हा वळणावर हेल्मेट दिसलं. काकू आल्या त्या दोन्ही हात सोडून. चेहरा लालबुंद, केस घामाने चिकटलेले, आणि इतक्या खूश की काकांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तेच बघून त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

काकूंनी पाण्याची बाटली एका दमात संपवली.

"कुठवर गेलीस?" काकांनी भीत भीत विचारलं.

"कालव्याच्या दरवाजांपर्यंत. पुढेही वाट आहे." त्यांनी हेल्मेट काढून काकांच्या हातात दिलं. "ऐका आता. दर रविवारी मी इथे येणार. गाडी तुम्ही चालवायची, सायकल तुम्ही उतरवायची, मी येईपर्यंत इथे थांबायचं आणि परत चढवायची. थांबल्या थांबल्या ती दुसरी शिकलात तर शिका, तो तुमचा प्रश्न. पण थांबायचं. अठ्ठावीस वर्षं."

काकांनी मान खाली घालून मनातल्या मनात बेरीज केली. "अगं," ते हळूच म्हणाले, "तोवर मी पंच्याऐंशीचा होईन."

"मग जपा स्वतःला," काकू म्हणाल्या. "एकही रविवार कमी चालणार नाही."